जादूचं रान भरताना

भरतकामाच्या रिंगमध्ये जंगल भरायचं ठरलं की बहुतेक जणी मोबाइलवर नमुना शोधतात आणि हाती लागतं ते युरोपातलं रान: सूचिपर्णी झाडं, लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली अळंबी, धुक्यातला कोल्हा. नमुना देखणा असतो, पण पूर्ण होऊन भिंतीवर लागला तरी तो आपला वाटत नाही. नागपूरकरांनी खरं तर इतकं लांब जायचं काही कारण नाही. उत्तरेला पेंच, पूर्वेला नवेगाव-नागझिरा, आग्नेयेला उमरेड-कऱ्हांडला, दक्षिणेला ताडोबा. जगभरातल्या मुलांना जंगलाची भुरळ घालणारं ‘द जंगल बुक’ १८९४ साली आलं, त्यातल्या टेकड्या पेंचपलीकडच्या सिवनीच्या आहेत आणि त्यातली नदी आपली वैनगंगा आहे. रुडयार्ड किपलिंग स्वतः सिवनीत कधी आला नव्हता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इतरांनी बारकाईने लिहून ठेवलेली निरीक्षणं त्याने वाचली आणि त्या खऱ्या तपशिलांवर बोलणारे प्राणी उभे केले. म्हणूनच ते प्राणी आजही खरे वाटतात.

भरतकामालाही हेच लागू पडतं, आणि या लेखात माझा आग्रह एवढाच आहे. रान खरं ठेवा आणि जादू एकाच ठिकाणी ठेवा. झाडं जांभळी, पानं निळी, चंद्र गुलाबी, वर काजवे, वर टिकल्या असं सगळंच अद्भुत केलं तर नजर कुठेच थांबत नाही. उलट बाकी सगळं ओळखीचं असेल, सागाचं पान सागासारखं दिसत असेल, वारूळ वारुळासारखं, आणि त्यात एकच गोष्ट जगावेगळी असेल, तर बघणारा तिथे खिळून राहतो.

त्यासाठी आधी आपलं रान नीट पाहायला हवं, कारण त्यात अद्भुत वाटावं असं पुष्कळ काही आयतंच आहे. कुलूचं झाड घ्या. काही जण त्याला कांडोळ म्हणतात, काही भूतझाड. उन्हाळ्यात पानं गळून गेली की त्याचं पांढुरकं, कागदासारखी साल सुटणारं खोड चांदण्यात लांबून उजळून दिसतं. मार्चमध्ये कुसुमाला पालवी फुटते ती हिरवी नसते, लालभडक असते, आणि नवख्या माणसाला वाटतं झाड फुललंय. पावसाळा सरला की सागाच्या पानांवर अळ्या पडतात, मऊ भाग खातात आणि शिरा तेवढ्या ठेवतात. मग पान अख्खं जाळीचं होतं, त्यातून पलीकडचं आकाश दिसतं. त्याच दिवसांत मोठ्या कोळ्यांची जाळी दोन झाडांच्या मध्ये ताणलेली असतात आणि उन्हात त्यांचे धागे चक्क सोनेरी चमकतात, कारण त्या जातीच्या कोळ्याचा रेशीमधागाच पिवळा असतो. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. यातली कुठलीही एक गोष्ट अख्ख्या चौकटीला पुरून उरेल. यासाठी सफारीच हवी असंही नाही. सेमिनरी हिल्स, अंबाझरी, गोरेवाडा इथे सकाळी तासभर हिंडलात तरी सालींचे आणि पानांचे फोटो भरपूर मिळतील. संरक्षित जंगलातून पान-फूल काहीही उचलायचं नसतं, तेव्हा तिथे फोटोच काढा. सागाचं गळलेलं पान रस्त्याकडेलाही सापडतं.

आता रंगांकडे वळू. दुकानात जाण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा: कोणता महिना आणि कोणती वेळ? ही उत्तरं पक्की नसतील तर आपण आवडेल त्या लच्छ्या उचलत जातो आणि घरी आल्यावर वीस सुंदर रंग एकमेकांशी भांडत बसतात. सप्टेंबरातली सकाळ म्हटली की पिवळट हिरवा, ओली माती, शेवाळ आणि पांढुरकं ऊन. मार्चची दुपार म्हटली की करडा, मातकट, वाळक्या गवताचा पिवळा, आणि त्यात पळसाचा केशरी. मार्चची रात्र म्हटली की निळा, राखाडी आणि जवळजवळ काळा.

रात्रीच्या रानाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण जादूचं जंगल म्हटलं की मन रात्रीकडेच धावतं आणि चुकाही तिथेच होतात. मंद उजेडात आपले डोळे वेगळ्या तऱ्हेने काम करतात. लाल-केशरी रंग सर्वांत आधी काळवंडतात, निळे-हिरवे त्या मानाने उजळ वाटतात. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवलं, आणि आजही हा परिणाम त्याच्याच नावाने ओळखला जातो. भरणाऱ्याला याचा फार मोठा उपयोग आहे. चांदण्या रात्री भर बहरातला पळस केशरी दिसत नाही, तो जवळजवळ काळा दिसतो. म्हणून रात्रीच्या चित्रात सगळे रंग निळसर-राखाडीकडे झुकवा: हिरव्याऐवजी करडा हिरवा, तपकिरीऐवजी जांभळट करडा, पांढऱ्याऐवजी अगदी फिकट निळा. आणि एवढं सगळं इमानाने पाळल्यावर पळसाची एकच फांदी धगधगीत केशरी भरा. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण त्या फांदीत काहीतरी अलौकिक आहे हे त्याला जाणवेल. मला या कामात यापेक्षा सुंदर युक्ती ठाऊक नाही.

पळस भरताना एक तपशील विसरू नका. पाकळ्या केशरी असतात, पण फूल ज्या पेल्यात बसलेलं असतं तो पेला गडद, काळपट, मखमली असतो. प्रत्येक फुलाच्या बुडाशी काळपट तपकिरी दोऱ्याचे दोन-तीन छोटे टाके घाला. तो गडद रंग शेजारी आला की केशरी पेट घेतो. पाकळीला दोन पदर पुरतात: मधून वळलेली, चोचीसारखी, भरीव टाक्याने, आणि टाक्यांची दिशा चोचीच्या टोकाकडे. केशरीच्या दोन छटा घ्या आणि तांबडट छटा फक्त खालच्या कडेला ठेवा.

हिरव्या रंगावर सर्वांत जास्त वेळ द्या. आपल्या पानगळीच्या रानाचा हिरवा पोपटी नाही आणि बाटलीसारखा गर्दही नाही. तो थोडा पिवळट, थोडा धुळकट आहे. अँकरच्या रंगपट्टीत २६४ पासून २६९ पर्यंतचे आकडे या जातीच्या हिरव्याचं एक अख्खं कुटुंब आहे, २६४ सर्वांत फिकट, २६९ सर्वांत गडद. त्यातले तीन घ्या, एकाआड एक. डीएमसीचा दोरा वापरत असाल तर ४७२, ४७१, ४७०, ४६९, ९३७, ९३६, ९३४ या क्रमाने तेच कुटुंब फिकटाकडून गडदाकडे जातं. आकडे ओळीने नसल्याने तिथे रंगपट्टी हातात असणं गरजेचं. तीन लच्छ्यांतून पाच छटा काढायची सोय आपल्या हातात आहेच. सुईत एक पदर या छटेचा आणि एक पदर पुढच्या छटेचा घातला की मधली छटा तयार होते, आणि पान एकरंगी न दिसता जिवंत वाटतं.

सावलीसाठी काळा वापरू नका. काळ्याने कापडात भोक पडल्यासारखं दिसतं. दिवसाच्या चित्रात सावलीला गडद तपकिरी, रात्रीच्या चित्रात गडद निळा. काळा फक्त पक्ष्याच्या डोळ्यापुरता.

सीताबर्डी असो वा इतवारी, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. निवडलेल्या लच्छ्या दाराशी उजेडात नेऊन कापडावरच ठेवून बघा. मग मोबाइलने त्यांचा कृष्णधवल फोटो काढा. फोटोत दोन लच्छ्या सारख्याच करड्या दिसल्या तर रंग कितीही वेगळे असोत, चार फुटांवरून त्या एकमेकींत मिसळून जाणार. एक तरी लच्छी अगदी उजळ, एक अगदी गडद आणि बाकीच्या मधल्या अशी वाटणी असली म्हणजे चित्राला खोली येते. मध्यम आकाराच्या रिंगसाठी दहा-बारा रंग भरपूर होतात. त्याहून जास्त घेऊ नये असं माझं मत आहे.

कापडाबद्दल विदर्भातल्या बाईला सांगण्यासारखी एक खास गोष्ट आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागात टसरचे किडे ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढवतात. ढीवर समाजातल्या अनेक कुटुंबांचं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. न रंगवलेल्या टसरचा मधाळ, करडा सोनेरी रंग म्हणजे उन्हाळ्यातल्या रानाची आयती पार्श्वभूमी. ज्या झाडाचा पाला खाऊन तो धागा झाला, तेच झाड त्याच्यावर भरायचं, याहून योग्य कापड कुठलं? मात्र टसर सैल विणीचं असेल तर मागे पातळ मलमलचं अस्तर लावूनच रिंगमध्ये ताणा, नाहीतर गाठीचे टाके आरपार निघून जातात. रोज काम थांबवताना रिंग काढून ठेवा, टसरवर तिचा व्रण राहतो. नव्याने हात घालणाऱ्यांनी जाड सुती केसमेंट किंवा खादी घ्यावी. रात्रीच्या चित्राला गर्द निळी खादी उत्तम: आकाश भरायचं कामच वाचतं. गडद कापडावर टाके घालताना मांडीवर पांढरा टॉवेल पसरा, म्हणजे विणीतली छिद्रं स्पष्ट दिसतात.

खोली आणण्याचं सर्वांत सोपं साधन रंग नसून पदर आहेत. लच्छीचा दोरा सहा पदरी असतो. मागची झाडं एका पदराने, मधली दोन पदरांनी, अगदी पुढचं गवत, दगड, वारूळ तीन किंवा चार पदरांनी. मागच्या झाडांना साधा धावदोरा पुरे, तोही थोडा तुटक आणि फिकट राखाडी-हिरव्या रंगाचा. दूरचं झाड जितकं कमी सांगाल तितकं ते दूर जातं. एका पदराला नऊ किंवा दहा नंबरची सुई, दोन-तीन पदरांना सात-आठ नंबरची. दोरा हातभरापेक्षा लांब कापू नका, आणि सहा पदरांतून हवे तेवढे एकेक करून ओढून काढा, मग पुन्हा जुळवा. एकदम ओढले की गुंता होतो, आणि जुळवून घातलेला दोरा कापडावर जास्त भरदार बसतो.

टाके निवडताना झाडाची साल कशी आहे ते आठवा. सागाच्या सरळ, उभ्या रेघांच्या खोडाला दांडी टाक्याच्या उभ्या ओळी घाला, तीन तपकिरी छटांच्या, आणि छटा अधूनमधून बदला. ऐनाला ओळी चालत नाहीत. तिथे आखूड भरीव टाक्यांचे छोटे चौकोन भरा आणि त्यांच्यामध्ये गडद दोऱ्याची भेग सोडा. वेळ लागतो, पण हा एक बुंधा पुढच्या बाजूला असला की सगळं चित्र विदर्भाचं होतं. कुलूचं खोड गुळगुळीत असल्याने त्याला लांब-आखूड टाका हवा, आडव्या दिशेने, खोडाच्या गोलाईबरोबर वळणारा. उजेडाच्या बाजूला शुभ्र पांढरा, मधे फिकट निळा, सावलीत जांभळट करडा. सुटलेल्या सालीच्या पापुद्र्यासाठी दोन-तीन ठिकाणी काजाचा टाका सैल ठेवून कड उचललेली दाखवता येते.

सागाचं जाळीदार पान हा माझा आवडता भाग. एका पदराने, फिकट तपकिरी रंगात, मधली शीर दांडी टाक्याने, बाजूच्या शिरा फ्लाय स्टिचने, आणि त्यांच्यामधली बारीक जाळी अगदी छोट्या सुट्या टाक्यांनी. पान आतून भरायचं नाहीच. खालचं कापड दिसू द्यायचं. अशी दोनच पानं पुरेत, एक झाडाला लटकलेलं आणि एक पडताना. मोहाच्या फुलांना दोन वेढ्यांचे गाठीचे टाके, पिवळसर मलई रंगाचे, जमिनीवर विखुरलेले. ती पहाटे गळतात, तेव्हा चित्र पहाटेचं असेल तरच घाला. वारूळ म्हणजे गाठींचाच डोंगर: खाली चार पदरांच्या मोठ्या गाठी, वर जाताना तीन, मग दोन, मातीच्या तीन रंगांत. गाठी एकमेकींना चिकटून बसल्या तरच वारूळ उभं राहतं. बांबूला प्रत्येक पेर वेगळं भरा आणि दोन पेरांमध्ये कापडाची बारीक फट ठेवा. गवताला सरळ लांब टाके, पण सगळे एकाच वाऱ्याने झुकलेले.

कोळ्याचं सोनेरी जाळं एकेरी पिवळ्या रेशमाने किंवा बारीक जरीने भरा. जरीचा दोरा कापडातून आरपार फार वेळा नेला की त्याचा वर्ख सुटतो. म्हणून आधी ताण देऊन कापडावर पसरवा आणि दुसऱ्या बारीक दोऱ्याने जागोजागी टाचा. दवाचे थेंब म्हणून काचेचे मणी लावायचे तर अगदी मोजके, जाळ्याच्या खालच्या भागात. ज्यांनी जाळ्यालाच जादूची जागा मानलं असेल त्यांनी पळस करडा ठेवावा. दोन्ही चमकवायचे नाहीत.

आकाशाबद्दल थोडं. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्राकडच्या भागाला २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा आपल्या शेजारचं रात्रीचं आकाश खरोखर भरण्यासारखं आहे. पण पौर्णिमेचा चंद्र आणि ताऱ्यांनी खच्चून भरलेलं आकाश एकत्र नसतात. एकच निवडा. तारे निवडलेत तर पाच टोकांच्या चांदण्या काढू नका. एका पदराचा बारीकसा टाका हाच तारा. फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी मृग नक्षत्र ठळक दिसतं. त्याच्या पट्ट्यातले तीन तारे ओळीत घाला, आणि पट्ट्याबाहेरचे दोन ठळक तारे, काक्षी किंचित तांबूस आणि राजन्य किंचित निळसर पांढरा. ज्याला आकाश कळतं त्याला चित्रातला महिना आपोआप कळेल.

रान अद्भुत कसं करायचं हे मध्य भारताने आधीच शिकवून ठेवलंय. ज्या गोंडांच्या राजाने, बख्त बुलंद शाहाने, १७०२ च्या सुमारास नागपूर वसवलं, त्यांच्याच मुलखातल्या परधान कलाकारांनी गेल्या चाळीसेक वर्षांत हे रान जगभर नेलं. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवनात आले तिथून या चित्रशैलीला नवं वळण मिळालं. हरणाची शिंगं वाढत वाढत झाड होतात, आणि ते अजिबात खोटं वाटत नाही, कारण हरणाचे पाय, मान, कान सगळं पाहिलेलं, ओळखीचं असतं. या शैलीत प्रत्येक कलाकाराची आकृती भरण्याची स्वतःची खूण असते: कुणाचे ठिपके, कुणाच्या रेघा, कुणाच्या साखळ्या. टाक्यांशी त्यांचं नातं उघड आहे. ठिपका म्हणजे गाठ, रेघ म्हणजे धावदोरा, साखळी तर साखळीच. पण कुणा कलाकाराची खूण जशीच्या तशी उचलू नका. ती त्याची सही आहे. आपली एक खूण शोधा. तांदळाचा दाणा असेल, तेंदूच्या पानाची शीर असेल, पायलीवरच्या रेघा असतील. ती खूण चित्रातल्या जादूच्या गोष्टीतच वापरा, बाकीचं रान साध्या टाक्यांचं राहू द्या.

वाघाबद्दल विचारलं जातंच, म्हणून सांगते: मी वाघ घालत नाही. तो आला की झाडं पडदा होऊन जातात, आणि आपण झाडांसाठी बसलो होतो. फारच हौस असेल तर गवतामागे दोन सोनेरी-हिरव्या ठिणग्या ठेवा, एका पदराच्या. रातवा पक्षी बसवलात तर त्याचा डोळा लालसर चमकवा.

काम सुरू करण्याआधीचे आणि संपल्यानंतरचे काही सोपस्कार आपल्या हवेमुळे महत्त्वाचे ठरतात. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाने नमुना काढला असेल तर मे महिन्यात ते कापड बंद गाडीत ठेवू नका, नमुना उडून जाऊ शकतो. पाण्याने जाणारं निळं पेन असेल तर कूलरच्या दमट झोतापासून आणि घामट हातांपासून जपा, आणि धुण्याआधी कधीही इस्त्री करू नका, नाहीतर रेघा पक्क्या होतात. उन्हाळ्यात सकाळी लवकर बसावं. दुपारी बोटांचा घाम फिकट दोऱ्याला लागतो. लाल, केशरी आणि गडद निळ्या दोऱ्याचा रंग जातो का ते आधीच पाहा. दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या चिंधीत दाबा. चिंधीला डाग लागला तर तो दोरा थंड पाण्यात धुऊन सुकवूनच वापरा.

पूर्ण झालेलं काम थंड पाण्यात हलकेच बुडवून काढा, पिळू नका. टसर असेल तर भिजवणंही टाळा आणि ड्रायक्लीनला द्या. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, म्हणजे गाठी चेपत नाहीत. फ्रेम करून घेताना काच आणि कापड यांच्यात पट्टी घालून अंतर ठेवायला सांगा, नाहीतर वारूळ सपाट होतं. आणि पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत सोडून द्या. नागपूरचं दुपारचं ऊन केशरी रंग लवकर उडवतं, आणि या चित्रात तोच तर टिकायला हवा.